शहराच्या तोंडी आलेली जमीन

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय शेतजमीन. शहराच्या वेशीवरची शेतजमीन कशी वाचवायची आणि ती कुणाच्या कामी आणायची. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्यात, मला इथनं दिसतंय. बरोबर आहे तुमचं. आपण वस्तीत वाढलो. बापाच्या नावावर पाय पसरायलाही जागा नाही. शेती राहिली काय आणि गेली काय, ज्यांच्याकडं आहे त्यांनी रडावं. आपण कशापायी गळा काढायचा?

हाच सवाल धरून मी बोलणार आहे. कारण सवाल खोटा नाही.

पुण्याचंच घेऊ. २०१७ साली महापालिकेनं भोवतालची ११ गावं पोटात घेतली. २०२१ साली आणखी २३ घेतली. हडपसर, मुंढवा, मांजरी, वाघोली, वाकड, हिंजवडी ही नावं तुम्हाला फ्लॅटच्या जाहिरातीवरनं माहीत. तुमच्या आज्ज्याला ती ज्वारीवरनं, उसावरनं, भाजीपाल्यावरनं माहीत होती. खडकवासल्याचं धरण १८७९ साली उभं राहिलं, मुठेचा कालवा निघाला, हडपसर-मांजरीकडची रानं भिजली. शंभर-सव्वाशे वर्षं त्या रानांनी पुण्याच्या पेठांना आणि कॅम्पाला खाऊ घातलं. आता तिथं पार्किंगला फरशी बसवतायत.

जमीन जाते कशी? नांगर मोडून जात नाही, कागदावर जाते. विकास आराखड्याच्या नकाशात शेतीचा पट्टा हिरवा रंगवतात, राहण्याचा पिवळा. हिरव्याचा पिवळा झाला की एकराचा भाव गुंठ्याला येतो. कुठला पट्टा पिवळा होणार हे ज्याच्या कानावर आधी जातं, तो आधीच सातबारे गोळा करत फिरतो. ज्याच्या कानावर जात नाही तो शेवटपर्यंत मेथी पेरत बसतो. बिगरशेतीची परवानगी हा एक अडसर होता, तोही सरकारनं सैल करत आणला. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला, ती आराखड्यात राहण्यासाठी दाखवली असली तर, आता वेगळी परवानगी काढावी लागत नाही. पैसे भरले की बिगरशेती.

आता याच्यावर बोलणारे दोन गट आहेत. पहिला गट पर्यावरणवाल्यांचा. ते म्हणतात हिरवाई वाचवा, टेकड्या वाचवा. दुसरा गट बागायतदारांचा. ते म्हणतात आमच्या जमिनीला भाव द्या, मग काय करायचं ते करा. दोघं एकमेकांशी कडाकडा भांडतात. पण त्या रानात तिसरंही माणूस होतं. खुरपणारी बाई होती. पाणी धरणारा गडी होता. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी म्हातारी होती. तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून ती भांडणातही नाही. हिरवं राहिलं तरी ती मजूर, पिवळं झालं तरी ती बेकार.

मगरपट्ट्याचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी मिळून ४०० एकरांच्या वर जमीन एकत्र केली, बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. अक्कल होती, एकी होती, हे कबूल करायला पाहिजे. बिल्डरच्या दारात भीक मागण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. पण हिशोब नीट बघा. हिस्सा जमिनीच्या प्रमाणात. म्हणजे ज्याची जमीन शून्य, त्याचा हिस्सा शून्य. तीस-तीस वर्षं ज्यानं त्या रानात घाम गाळला त्याच्या घामाला त्या गणितात घरच नाही.

नवी मुंबईचंही तेच. १९७० साली सिडको आली, ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेतकरी लढले. १९८४ च्या जानेवारीत उरणला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्या रक्तातनं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. त्या लढ्याला आपला सलाम. पण साडेबारा टक्के कशाचे? संपादन झालेल्या जमिनीचे. मूळ रक्कम मालकीची असेल तर टक्केवारी.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. 'शेतजमीन वाचवा' ही घोषणा ऐकली की टाळी वाजवण्याआधी विचारायचं: कुणासाठी? आणि दुसरी गोष्टही तितकीच पक्की करू. जमीन आपली नव्हती म्हणून सिमेंटनं गिळली तर बरंच झालं, असं म्हणणारा पोरगा स्वतःच्या ताटात माती कालवतोय. का, ते सांगतो.

२०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. वर कात्रजकडं टेकड्या फोडल्या, रानं फरशीखाली घातली, ओढ्याचं पात्र आवळलं. मातीत मुरायचं पाणी डांबरावरनं धावत आलं. शिरलं कुठं? ओढ्याकाठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत. पण पत्र्याच्या घरातल्या माणसाला पळायला वरचा मजला नसतो. माणसं मेली, संसार वाहून गेले. वर ज्यानं प्लॉट पाडले त्याची चप्पलसुद्धा भिजली नसंल. शेत म्हणजे नुसतं धान्य नव्हं, पाणी पिणारी माती आहे. ती मेली की पाणी आपल्या घरात येतं.

आणि ताटाचं काय? पालक, मेथी, कोथिंबीर ही भाजी महिना-दीड महिन्यात येते आणि दोन दिवसांत सुकते. ती जवळच पिकली पाहिजे. जवळचं रान गेलं की भाजी लांबनं ट्रकात येते, डिझेल खाऊन येते, दलाल खाऊन येते. फ्लॅटवाला ती घेऊ शकतो. धुणंभांडी करून संध्याकाळी मंडईत उरलीसुरली जुडी शोधणारी आपली आई घेऊ शकत नाही.

म्हणून म्हणतो, ही जमीन वाचण्यात आपला सवाल आहे. आता पुढचा मुद्दा. यातली थोडी जमीन आपलीच आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत चाललीय.

मी महार वतनाबद्दल बोलतोय. वतन काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण शहरात जन्मलेल्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. गावाची शीव राखायची, टपाल पोचवायचं, साहेब आला की घोड्यापुढं पळायचं, सरकारी खजिन्याबरोबर जायचं, मेलेलं जनावर ओढायचं. रात्र नाही, दिवस नाही. याच्या बदल्यात थोडी जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. पिढ्या वाढल्या, तुकडे पडले, वाट्याला वीतभर रान आणि साऱ्या गावाची चाकरी. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. वतन ही इनामाची जमीन नसून गळ्यातला दोर आहे, असंच ते मानत. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करायला त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. बिल पास झालं नाही. पुढं स्वातंत्र्यानंतर १९५८ साली कनिष्ठ गावनोकरीची वतनं खालसा करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. चाकरी गेली. कब्जेहक्काची ठरलेली रक्कम भरली की जमीन वतनदाराच्या नावावर परत, असं ठरलं. पण नवीन शर्तीवर. म्हणजे कलेक्टरच्या आगाऊ परवानगीशिवाय आणि सरकारचा नजराणा भरल्याशिवाय विकता येणार नाही, अशी अट त्या कायद्यानं घातली.

तुम्ही म्हणाल, ज्या वतनाला बाबासाहेबांनी दोर म्हटलं ते तू आम्हाला राखायला सांगतोस? दोर होता चाकरीचा. चाकरी गेली. जमिनीची किंमत आपल्या बापजाद्यांनी आधीच चुकवलीय, रक्तानं आणि मेलेल्या ढोरांच्या दुर्गंधीनं. दोर तुटल्यावर हातात उरलेली माती का सोडायची?

ती सुटते कशी, बघा. कित्येकांनी मुदतीत रक्कम भरली नाही. कुणाला कळलंच नाही, कुणाकडं पैसे नव्हते. जमीन सरकारजमा झाली. कुणाची नावावर झाली, पण कसायला बैल नाही, बियाणं नाही. गावातल्या बड्यानं 'कसतो मी, देतो तुला चार पोती' म्हणून घेतली आणि आजतागायत तोच कसतोय. आणि ज्यांचं नाव अजून कागदावर आहे, त्यांच्या दारात आता मोटारी यायला लागल्यात. आजोबाच्या एका नावाला चाळीस-पन्नास वारस. कुणी घाटकोपरला, कुणी येरवड्यात, कुणी पिंपरीत. एजंट येतो. बहुतेक वेळा तो आपल्याच आळीचा असतो, गळ्यात निळा रुमाल, तोंडात जय भीम. प्रत्येकाच्या हातावर पन्नास हजार, लाख टेकवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. म्हातारीला वाटतं, आजोबाची पुण्याई फळली. त्या कागदानं तिनं स्वतःचा हात कापून दिलेला असतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याचं प्रकरण सगळ्या पेपरांत गाजलं. महार वतनाची म्हणून नोंद असलेली, सरकारच्या ताब्यातली सुमारे ४० एकर जमीन. तिचा ३०० कोटींचा खरेदीचा दस्त. मूळ वतनदारांच्या वारसांच्या वतीनं सही झाली ती मुखत्यारपत्रावर. चौकशी बसली, गुन्हे नोंदले गेले, व्यवहार रद्द करणार असं जाहीर झालं. दोषी कोण ते कोर्ट ठरवील. मला दुसरंच विचारायचंय. महिनाभर टीव्हीवर चर्चा चालली ती कुठल्या नेत्याची खुर्ची हलली याची. त्या वतनदारांची नातवंडं आज कुठल्या पत्र्याखाली राहतात, हे किती जणांनी विचारलं? आपणही त्यात आलो. आपणही पक्षांचीच मापं काढत बसलो.

वतनाची ही गत. ज्यांच्याकडं वतनही नव्हतं त्यांच्यासाठी गायरान होतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना पडीक आणि गायरान जमीन मिळावी म्हणून लढे उभारले. ६ डिसेंबर १९६४ ला देशभरचा सत्याग्रह सुरू झाला, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. १९७२ साली पँथर जन्मली आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न घातला गेला. या रेट्यामुळं १४ एप्रिल १९९० आधीची भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला. पुढं २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. तो निकाल दाखवून आपल्या माणसांना नोटिसा येतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवलाय, तो तलाठी वाचून दाखवत नाही. तो आपण वाचायचा.

दादासाहेबांच्याच नावानं सरकारची एक योजना आहे. भूमिहीन दलित कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची. २०१८ च्या निर्णयात दर ठरवला जिरायतीला एकरी ५ लाखांपर्यंत, बागायतीला ८ लाखांपर्यंत. आता सांगा, पुण्याच्या, नाशिकच्या, कल्याणच्या आसपास या भावात एकर कोण देईल? तिथं भाव गुंठ्यावर चालतो. म्हणजे जिथं बाजार आहे, पाणी आहे, पैसा आहे, तिथं दलिताला जमीन नाही. लांब माळावर, जिथं कुसळही उगवत नाही, तिथं ती मिळाली तर मिळाली. पूर्वी गावकुसाबाहेर ठेवलं, आता बाजाराबाहेर ठेवलंय.

मग करायचं काय? बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. नुसते एकर मोजू नका, त्या जमिनीत राबवायला भांडवल किती, अवजारं किती ते बघा, आणि शेतीवर पडलेली जादा माणसं उद्योगात न्या, असा त्याचा रोख. १९४७ साली त्यांनी घटनेसाठी जो मसुदा मांडला त्यात शेती हा सरकारी उद्योग करून जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यायची होती. बी, पाणी, जनावरं, अवजारं सरकारनं पुरवायची. सरकारनं ते केलं नाही, आणि आजचं सरकार करेल अशी आशाही मी तुम्हाला दाखवणार नाही. पण त्यातला गाभा आपण उचलू शकतो. एकट्याचा अर्धा एकर शहरापुढं टिकत नाही. चाळीस वारसांची मिळून वीस एकर टिकू शकते.

पहिलं काम कागदाचं. आपल्या मूळ गावचा सातबारा काढा, जुने फेरफार काढा. नाव कुणाचं, शर्त कुठली, इतर हक्कात काय लिहिलंय, कसतो कोण, हे लिहून घ्या. वारस नोंद राहिली असेल तर करून घ्या. बहिणींची नावं गाळू नका. गाळलेली बहीण पुढं एजंटला आयती सापडते, आणि तिचा हक्क मारणारा भाऊ पाटलापेक्षा वेगळा नसतो.

दुसरं. कुलमुखत्यारपत्रावर सही नाही. मग समोर कुणीही असो, मामा असो, नगरसेवक असो, चळवळीतला असो. कागद वाचून, चार जणांत बसून, वकिलाला दाखवूनच हात लावायचा.

तिसरं. सोसायटी. महाराष्ट्राचा सहकार कायदा १९६० चा आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं जमली की शेतीची सहकारी संस्था नोंदता येते. जमीन विकायची नाही, संस्थेनं कसायची. आपल्यातलेच ज्यांना काम नाही ते राबतील, त्यांना मजुरी मिळेल, मालकांना जमिनीमागं वाटा मिळेल, आणि राबणाऱ्याला घामामागंही वाटा. मगरपट्ट्याच्या गणितात जे घर नव्हतं ते आपण आपल्या गणितात बांधू. भाजी लावू. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक झालीय. आपलं रान आणि आपली वस्ती यांच्यामध्ये दलाल कशाला पाहिजे? टेम्पो थेट वस्तीत आणा.

चौथं, खत आणि पाणी. शहराचा ओला कचरा उचलणारे हात कुणाचे? आपल्या आया-बहिणींचे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून त्यांची संघटना चालवते. त्या कचऱ्याचं खत शेताला जायला पाहिजे. त्याऐवजी वर्षानुवर्षं तो उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत कुजला आणि तिथल्या विहिरी नासल्या. शहराचं वापरलेलं पाणी मुंढव्याहून उचलून कालव्यानं शेतीला सोडतात. त्यावर नीट प्रक्रिया करा आणि त्यात वतनाच्या, गायरानाच्या रानांना हक्कानं वाटा द्या, ही मागणी महापालिकेच्या दारात न्यायची. गटारात उतरायला आपला माणूस लागतो, तर त्या पाण्यावर पिकणाऱ्या रानातही आपला माणूस लागला पाहिजे.

पाचवं, मजुराचं नाव. २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो की ज्या कुटुंबाची जमीन नाही पण जे तीन वर्षं त्या जमिनीवर राबून पोट भरतंय, तेही प्रकल्पबाधित. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन गेली तर तितकीच किंवा अडीच एकर, यातली कमी असेल तेवढी जमीन बदल्यात द्यायची तरतूदही त्यात आहे. पण यादी करताना मजुराचं नाव कोण घालणार? तुम्ही. सामाजिक परिणामांची सुनावणी लागली की वही घेऊन मजूर आळीत बसा. आणि बिल्डर थेट खरेदी करतो तेव्हा बहुतेक वेळा या कायद्याचा वाराही मजुराला लागत नाही. थेट खरेदीतही मजुराचा वाटा, ही आपली नवी मागणी असली पाहिजे. पर्यावरणवाले आपल्याबरोबर येणार असतील तर या मागणीसकट यावं. बागायतदार येणार असतील तर त्यांनीही. नुसती हिरवाई राखायला आपण कुणाचे राखणदार नाही. राखणदारी आपण पुष्कळ केली.

शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, शहरात जा म्हटलं, मग परत मातीकडं का, असं विचारणारे इथं असतील. गावातल्या जातीकडं परत जा असं मी म्हणत नाही. खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांतला मी नाही. तुम्ही शिका, नोकऱ्या करा, शहरातच राहा. पण शहर आता तुमच्या आज्ज्याच्या रानापर्यंत आलंय. तिथं उद्या जे उभं राहील त्यात तुम्ही वॉचमन म्हणून उभे राहणार की मालक म्हणून बसणार, हे येत्या पाच-दहा वर्षांत ठरतंय. त्याला कविता पुरणार नाही, भाषणही पुरणार नाही. माझंसुद्धा.

तेव्हा आज घरी गेलात की आजीजवळ बसा. आपलं गाव कुठलं, वतन होतं का, कुठल्या ओढ्याच्या कडेला होतं, आता कोण कसतं, विचारा आणि लिहून घ्या. पुढच्या बैठकीला मोकळ्या हातानं यायचं नाही. सातबारा घेऊन यायचा.

जय भीम.